करडांची हगवण : औषधाआधी करडाचे वय पाहा

शेळीपालनात पैसा होतो तो विक्रीच्या वजनापर्यंत जगलेल्या करडांतून. उस्मानाबादी शेळी जुळी करडे देते, हा तिचा मोठा गुण. पण जुळ्यातले एक करडू पहिल्या महिन्यात हगवणीने दगावले, तर त्या गुणाचा फायदा तिथेच संपतो. हगवण हे एकाच आजाराचे नाव नाही. ते अनेक आजारांचे लक्षण आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी एकच औषध लागू पडत नाही. करडू किती दिवसांचे आहे हे पाहिले, की कारणाचा अंदाज बराचसा येतो.

पहिला दिवस : चीक

गर्भात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत. ते फक्त चिकातून मिळतात आणि ते शोषून घेण्याची आतड्याची क्षमता तासागणिक कमी होत साधारण एका दिवसात संपते. म्हणून जन्मल्यापासून अर्ध्या ते एक तासात पहिला चीक पोटात गेला पाहिजे. पहिल्या २४ तासांत वजनाच्या १० टक्के, म्हणजे अडीच किलोच्या करडाला सुमारे २५० मिली चीक तीन-चार वेळा विभागून पाजावा. जार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत अजूनही अनेक गावांत आहे. ती करडाच्या जिवावर बेतते. उलट करडू चोखू लागले, की जार पडायला मदतच होते.

चीक पाजण्यापूर्वी कास कोमट पाण्याने पुसून प्रत्येक सडाच्या पहिल्या एक-दोन धारा काढून टाकाव्यात, म्हणजे सडाच्या तोंडाशी असलेले बूच निघते. करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड आतून थंड लागले, तर आधी कोरड्या पोत्यात गुंडाळून ऊब द्यावी, मगच चीक पाजावा. गारठलेल्या करडाला दूध पचत नाही. नाळ निर्जंतुक दोऱ्याने बांधून, कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

सुरुवातीची विष्ठा काळसर, चिकट आणि नंतर पिवळी, मऊ असते. ती हगवण नव्हे.

पहिले दोन आठवडे

या वयातील पातळ, पांढरट-पिवळी हगवण बहुधा अस्वच्छतेतून येणाऱ्या जिवाणूंमुळे किंवा दूध पाजण्यातील चुकांमुळे होते. आईला दूध कमी असेल, तर बाटलीने पाजताना दूध अंगाच्या तापमानाइतके कोमट असावे, वेळा ठरलेल्या असाव्यात आणि बाटली व निपल प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावे. करडू चोखते तेव्हा दूध थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात जाते. तोंड उघडून ओतले, तर ते पहिल्या कप्प्यात जाऊन आंबते, नाहीतर श्वासनलिकेत जाते. मान आईखाली पिताना असते तितकीच वर ठेवावी.

तीन आठवडे ते चार महिने : रक्ती हगवण

सर्वात जास्त गल्लत इथे होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर करडे सुस्त झाली, शेपटीखालचे केस घाणीने चिकटले, विष्ठेत आव किंवा रक्त दिसू लागले, की जंत समजून जंतनाशक पाजले जाते. पण हा आजार कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो आणि नेहमीच्या जंतनाशकांचा त्यावर परिणाम होत नाही. त्यावर अँप्रोलियम किंवा सल्फा गटातील औषधे लागतात. मात्रा पशुवैद्यकांकडूनच घ्यावी. रक्त प्रत्येक वेळी दिसतेच असेही नाही. वाढ खुंटलेली, केस राठ झालेली करडे हीसुद्धा त्याचीच खूण असू शकते.

मोठ्या शेळ्या आजारी न दिसता लेंड्यांतून या परजीवीची अंडी टाकत राहतात. ओल व ऊब मिळाली, की ती काही दिवसांत संसर्गक्षम होतात. म्हणूनच पावसाळ्यातील करडांना त्रास जास्त. ही अंडी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. ऊन, कोरडेपणा आणि आच यांनीच मरतात. जमीन रोज झाडून कोरडी ठेवावी, चुना भुरभुरावा, उघडीप मिळाली की वाडा तापू द्यावा किंवा फ्लेम गन फिरवावी. गव्हाणीत करडांचे पाय जाता कामा नयेत. पाला जमिनीवर न टाकता करडाच्या तोंडाच्या उंचीवर टांगावा. दूध पिऊन झाले, की करडे वेगळ्या कप्प्यात ठेवावीत आणि लहान-मोठ्या वयाची एकत्र कोंडू नयेत.

जंतांचा त्रास मुख्यतः चरायला लागल्यावर सुरू होतो. लेंडी तपासून जंतनाशक दिले, तर पैसे वाचतात आणि औषधही निकामी होत नाही.

धष्टपुष्ट करडू अचानक मेले तर

आंत्रविषार हा कळपातील चांगल्या, खादाड करडालाच गाठतो. एकदम जास्त भरडा, पहिल्या पावसानंतरचा कोवळा लुसलुशीत चारा किंवा अति दूध ही कारणे. उपचाराला बहुधा वेळच मिळत नाही. गाभण शेळीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी लस द्यावी. करडांना साधारण तीन-चार महिन्यांचे झाल्यावर पहिला डोस, दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. खुराक बदलायचा तो आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा.

हगवण लागलीच तर

करडू बहुतेक वेळा दगावते ते अंगातील पाणी कमी झाल्याने. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत झाली नाही, डोळे खोल गेले असतील, तर उशीर करू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून लहान करडाला ५० ते १०० मिली, दिवसातून चार-पाच वेळा पाजावे. दूध बंद करू नये. मात्र हे पाणी दुधात न मिसळता वेगळ्या वेळी द्यावे. मान टाकलेल्या करडाला तोंडाने काहीही पाजू नये, त्याला सलाईनच लागते.

आजारी करडू वेगळे करावे आणि त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. यातील काही जंतू माणसालाही बाधतात आणि करडांशी खेळतात ती घरातली मुलेच.

एकाच वेळी दोन-तीन करडे हगू लागली, तर औषध सुरू करण्यापूर्वी ताज्या विष्ठेचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा. डबीवर करडाचे वय लिहावे.