टॅरागॉन, किरमाणी ओवा आणि कृमी

फ्रेंच पाकशास्त्रात मानाचे स्थान पावलेली टॅरागॉन ही सुगंधी वनस्पती आपल्याकडील दवण्याच्याच प्रजातीतील होय. लिनीअसने १७५३ मध्ये तिचे आर्टेमिसिया ड्राकुंक्युलस असे नामकरण केले. ड्राकुंक्युलस म्हणजे लहानसा सर्प. नारूच्या कृमीचे शास्त्रीय नावही ड्राकुंक्युलस मेडिनेन्सिस असेच आहे. त्यातच टॅरागॉनची गणना जंतांवरील लोकौषधांत होत आलेली असल्यामुळे, ह्या नामसाम्यामागे रोग व औषध असा संबंध असावा, हा तर्क कोणासही सुचेल. नावांचा इतिहास तपासला असता मात्र तो टिकत नाही.

कृमीच्या नावाचा उगम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक अगाथार्किडीस ह्याच्यापर्यंत पोचतो. तांबड्या समुद्राकाठच्या लोकांच्या हातापायांतून लहान सर्प बाहेर पडतात, असे त्याने लिहिल्याचे प्लूटार्क सांगतो. अरब वैद्यांनी ह्याच कृमीला ‘मदिनेची शीर’ म्हटले. मेडिनेन्सिस हे पद तेथून आले. संस्कृत वैद्यकात तो ‘स्नायुक’ आहे, आणि पालीत स्नायूला ‘न्हारु’ म्हणतात हे लक्षात घेतले, म्हणजे मराठी ‘नारू’चे गोत्र ध्यानी येते. एका प्राण्यात कोणाला साप दिसला, कोणाला शीर, तर कोणाला स्नायू! टॅरागॉन हे नाव अरबी ‘तर्खून’वरून युरोपीय भाषांत आले, आणि तर्खूनच्या मागे सर्पवाचक ग्रीक ‘ड्राकॉन’ असावा, असे अनेक कोशकार मानतात. सर्पाची उपमा तेथे वनस्पतीच्या वेटोळ्या मुळांवरून आली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. तात्पर्य, दोन्ही नावांत सर्प आहे खरा, परंतु तो निरनिराळ्या वाटांनी आलेला आहे.

ह्याच प्रजातीतील दुसऱ्या एका औषधाचे नाव अधिक फसवे आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा किरमाणी ओवा हा वस्तुतः ओवाच नव्हे. आर्टेमिसियाच्या काही जातींचे ते वाळविलेले, न उमललेले कळे होत. फारसीत कृमीला ‘किर्म’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत ‘कृमि’चा सख्खा भाऊ आहे. तेव्हा किरमाणी म्हणजे कृमींवरचा, अशी व्युत्पत्ती लावण्याचा मोह होतो. तथापि किरमाण ह्या इराणी नगरावरून साधलेले विशेषण हीच उपपत्ती सरळ आहे. मौज अशी की, खुद्द त्या नगराचे नावही एका अद्भुत किड्यावरून पडले, अशी कथा शाहनाम्यात आलेली आहे. लोकव्युत्पत्तीची हौस अशी दुहेरी! ह्याच प्रजातीतील एका वनस्पतीच्या इंग्रजी ‘वर्मवुड’ ह्या नावाची गोष्टही निराळी नाही. प्राचीन इंग्रजीत तो शब्द ‘वेर्मोड’ असा होता. कृमिवाचक ‘वर्म’ त्यात मागाहून घुसला.

येथे नावाने अपघातानेच खरे सांगितले. ह्या कळ्यांतील सँटोनिन हे द्रव्य काहलर व आल्म्स ह्यांनी १८३० मध्ये स्वतंत्रपणे वेगळे केले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते आतड्यांतील गोल जंतांवरचे प्रमुख औषध राहिले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा ह्यांनी भारतीय आर्टेमिसियाचाही अभ्यास केला. सँटोनिन जंतास मारण्यापेक्षा बधिर करते, म्हणून त्यासोबत रेचक द्यावे लागे. मात्रा वाढली की रुग्णास सारे जग पिवळे दिसू लागे, आणि बालकांच्या बाबतीत चूक प्राणावर बेतत असे. १९५० नंतर पायपेराझीनसारखी सौम्य औषधे आली आणि सँटोनिन मागे पडले.

टॅरागॉनला हे यश आपोआप लाभत नाही. फ्रेंच टॅरागॉनच्या तेलातील प्रमुख घटक एस्ट्रागोल हा आहे. रासायनिक दृष्ट्या तो सँटोनिनपासून फार दूरचा, बडीशेपेतही आढळणारा पदार्थ. शिवाय फ्रेंच वाण बी धरत नाही, मुळे विभागूनच त्याची लागवड करावी लागते. बियांपासून वाढणारा रशियन वाण गंधाने व घटकांनी वेगळा आहे. कोणता वाण वापरला हे न सांगणारा प्रयोग म्हणूनच अर्धवट समजावा. परीक्षानळीत जंत निश्चल झाला म्हणजे रुग्णाच्या आतड्यातूनही तो निघेल, असे मुळीच नव्हे. एस्ट्रागोल जनुकांस अपायकारक व कर्ककारक आहे, असा निर्णय युरोपीय संघाच्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने २००१ मध्ये दिला. स्वयंपाकातील चार पाने आणि औषधाची मात्रा ह्यांतील भेद येथे विसरता येत नाही.

नारूचा इतिहास तर वनौषधीविनाच पुढे गेला. फेडचेंको ह्या रशियन संशोधकाने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात त्या कृमीचे पाण्यातील वाहक, सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव, ओळखले. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेत तुरखुड ह्यांनी माणसांवरील प्रयोगाने त्याला पुष्टी दिली. त्यानंतर लढाई पायविहिरींशी होती. ज्या विहिरीत उतरून पाणी भरताना रुग्णाचा पाय बुडे, तीच विहीर गावाला पाणी पाजीत असे. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी फडक्याने गाळणे, कूपनलिका खोदणे, एवढ्यावर हा रोग हटला. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. त्या कृमीस मारणारे खात्रीचे औषध तोपर्यंत सापडलेले नव्हते. जखमेतून डोकावणारा नारू काडीभोवती गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढण्याची जुनी रीतच शेवटपर्यंत चालू होती.