घाम, आंबट ढेकर आणि पित्त

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत घामाचें अप्रूप नाहीं. 1,403 मीटर उंच तोरणा चढणाराचें वा भाताच्या खाचरांत राबणाराचें अंग निथळणारच. पण विसावलेल्या माणसास घाम फुटून छातींत जळजळ झाली, कीं वडीलधारे म्हणतात, "पित्त खवळलें." या एका शब्दामागें फार जुना इतिहास आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत पित्ताचे 40 विकार मोजले आहेत. आंबट ढेकर म्हणजे अम्लक आणि अतिस्वेद हे दोन्ही त्याच यादींत येतात. पुढें माधवनिदानानें अम्लपित्तास स्वतंत्र प्रकरण दिलें. पाश्चात्य शास्त्राची वाट निराळी. जठररसांतील अम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचें विल्यम प्राउट यानें 1824 सालीं दाखविलें. तें वर चढून अन्ननलिकेचा दाह करतें, असें आशर विंकेलस्टाइन यानें 1935 सालीं मांडलें. घामाच्या ग्रंथी मात्र मज्जातंतूंच्या आज्ञेंत चालतात. घाम आल्यानें अम्ल वाढत नाहीं. क्वचित् दोहोंची गांठ पडते, ती या मज्जातंतूंमुळें.

तथापि विल्यम हेबर्डन यानें 1768 सालीं वर्णिलेला हृच्छूल, म्हणजे हृदयाचें दुखणें, पुष्कळदां याच वेषांत येतो. छातींत जळजळ वा दडपण आणि अंगास थंड घाम, अशी जोडी दिसली असतां आमसुलाचें सार पाजून उजाडण्याची वाट पाहणें जिवावर बेतूं शकतें. डोंगरांतील वाडीहून रुग्णालय दूर असतें. म्हणून चरकाच्या यादीचा मान राखूनही, त्या क्षणीं पित्ताचें नांव न घेतां 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, हेंच शहाणपण होय.