काँग्रेस रेडिओ (१९४२) : तरंगलांबी, तारेची लांबी आणि इतिहासलेखन

प्रस्तावना :
१९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनातील काँग्रेस रेडिओचा उल्लेख इतिहासग्रंथांत प्रामुख्याने धाडस व त्याग या अंगाने येतो. आपण ४२.३४ मीटरवर भारतातील कोठूनतरी बोलत आहोत, अशी घोषणा हे केंद्र करीत असे. त्यातील आकडा आपण सहसा वाचून पुढे जातो. प्रस्तुत निबंधात त्याकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओ प्रसारकांना आपले प्रक्षेपक सरकारजमा करावे लागले. तरीही उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी व चंद्रकांत झवेरी यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत गुप्त केंद्र उभारले. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यास मार्गदर्शन लाभले.

आकड्याचा अर्थ :
४२.३४ मीटर तरंगलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ वारंवारता. हौशी प्रसारकांचा परिचित '४० मीटर पट्टा' तो हाच. या तरंगलांबीसाठी अर्धतरंग आकाशकाची तार सुमारे २० मीटर लागते. जागा वारंवार बदलणाऱ्या केंद्राला एवढी तार दरवेळी नव्याने ताणणे व लपविणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना येते.

प्रक्षेपक व आकाशक यांना जोडणारी कोॲक्शिअल केबल, म्हणजेच समाक्ष तार, हौशी प्रसारकांत महायुद्धानंतर रुळली. तिच्यातील पॉलिथिलीनमुळे तरंगाचा वेग मुक्त अवकाशातील वेगाच्या सुमारे ६६ टक्के होतो. म्हणून याच वारंवारतेस अर्धतरंग केबल सुमारे १४ मीटर भरते. एवढ्या लांबीची केबल आकाशकाचा विद्युतरोध जवळजवळ जसाच्या तसा प्रक्षेपकाकडे दाखविते, त्यामुळे मोजमापास ती सोयीची. मात्र केबल व आकाशक यांचा मेळ जुळलेला असेल तर विशिष्ट लांबीचा आग्रह निरर्थक ठरतो. तेव्हा केबल गरजेपुरती, शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण लांबीबरोबर ऊर्जेचा ऱ्हास वाढतो.

केंद्राचा शेवट :
१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी गिरगावातील पारेखवाडीत छापा घातला. उषा मेहता यांना ४ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या आठवणींनुसार केंद्राचा ठावठिकाणा तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे उघड झाला. ज्या कौशल्यावर केंद्र उभे होते, तेच त्याचे सर्वांत दुबळे स्थान ठरले.

निष्कर्ष :
या केंद्राचा इतिहास ध्वनिक्षेपकासमोरील आवाजाइतकाच त्यामागील तारांचा व हातांचाही आहे. त्या हातांची केवळ स्तुती वा केवळ निंदा करून तो पूर्ण होत नाही. कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही इतिहास व पदार्थविज्ञान विभागांनी मिळून महाविद्यालयाच्या मैदानात २० मीटर तार प्रत्यक्ष ताणून दाखवावी. ४२.३४ हा आकडा मग विद्यार्थ्यांना पाठ करावा लागणार नाही.