यादीत नाही म्हणजे घडलंच नाही?

आज एक गोष्ट टेनिसची, पण संशोधनाच्या कामाची.

आपल्या कोल्हापूरशेजारच्या सांगलीत १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर सुरुवातीला टेनिस खेळायचे. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू.

वडिलांनी सोडलेलं टेनिस मुलाने, गौरवने धरलं. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण, शिवाय सांघिक सुवर्ण. पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला.

आता समजा, निवृत्त गौरव नाटेकरांची कारकीर्द तुम्ही फक्त एटीपी क्रमवारीवरून अभ्यासली. ही क्रमवारी १९७३ पासूनची. तिच्यात व्यावसायिक स्पर्धांचे गुण धरतात. हिरोशिमाच्या सुवर्णाला गुण नव्हते. म्हणजे तुमच्या तक्त्यात हिरोशिमा दिसणारच नाही! आकडे खोटे नाहीत, आपण मोजपट्टी चुकीची घेतली.

मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी हेच केलं. नमुन्यात रीडिंग आलं नाही, म्हणून बिनधास्त लिहिलं, 'पदार्थ आढळला नाही, सबब नाही.' गाईडनी एवढंच विचारलं, "यंत्र किती कमी मोजू शकतं, बघितलंस का?" बघितलं नव्हतं. तीन महिन्यांचं काम परत केलं.

तेव्हा विदा हातात आली की आधी विचारा: यात काय मोजलंय, आणि काय मोजलंच नाही?