मानकातील पोकळ संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे निर्गुडा नदीकाठचे गाव लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मस्थान म्हणून जितके परिचित आहे तितकेच ते भोवतालच्या कोळसा खाणींमुळेही आहे, आणि खाणींसाठी जमिनी संपादित होणाऱ्या अशा तालुक्यात मोबदल्याचे व वारसाहक्काचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपावे लागतात. कागदाची जागा संगणकातील फायलीने घेतली तेव्हा मराठी मुलखाला पहिला फटका फॉन्टचा बसला, कारण युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची अक्षरयोजना वेगळी असे आणि एका यंत्रावर टंकलेला अर्ज दुसऱ्यावर निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात उमटे. जो कागद वाचण्याची किल्ली केवळ बनवणाऱ्यापाशी असते त्याचा मालक नेमका कोण, हा प्रश्न जगापुढे खऱ्या अर्थाने आला तो मात्र दस्तऐवज-स्वरूपाच्या वादातून.

दस्तऐवज-स्वरूप म्हणजे मजकूर, कोष्टके व मांडणी फायलीत कशी नोंदवायची याचे नियम. ओडीएफ हे खुले स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेले ओओएक्सएमएल हे स्वरूप एक्मा या संस्थेने स्वीकारले आणि सहा हजारांहून अधिक पानांचा तो मसुदा जलद मार्गाने आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडे पाठवला. एवढा ग्रंथ पाच महिन्यांत तपासून मत द्यावे, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

मानकात संदर्भ दोन प्रकारचे असतात: माहितीपर आणि बंधनकारक. बंधनकारक संदर्भाचा अर्थ असा की उल्लेखिलेला दस्तऐवज मिळवून, वाचून व पाळूनच मानकाचे पालन होते. म्हणून तो दस्तऐवज कोणालाही उपलब्ध असणे आवश्यक ठरते. या मसुद्यातील काही उल्लेख या कसोटीवर टिकत नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड ९५ या जुन्या लेखन-आज्ञावलीप्रमाणे अंतर सोडावे, वर्ड ९७ प्रमाणे ओळ तोडावी, अशा आशयाच्या सूचना त्यात होत्या, पण ते वर्तन नेमके कसे हे सांगण्याऐवजी त्या आज्ञावलींचे अनुकरण करावे असे सुचवले होते. म्हणजे संदर्भ म्हणून ग्रंथाऐवजी एका कंपनीचे उत्पादनच पुढे केले होते. चित्रांसाठी विंडोजच्या खासगी स्वरूपांचा आधार होता, आणि १९०० हे लीप वर्ष मानण्याची जुनी चूकही सुसंगततेच्या नावाखाली मानकात शिरली होती.

भारतीय मानक ब्युरोच्या ज्या समितीपुढे हा मसुदा आला तीत मुंबईच्या आयआयटीसारख्या संस्थांचे प्रतिनिधी होते. ऑगस्ट २००७ मध्ये समितीने सविस्तर हरकतींसह विरोध नोंदवला. सप्टेंबरच्या जागतिक मतदानात मसुदा आवश्यक बहुमतापर्यंत पोहोचला नाही आणि साडेतीन हजारांहून अधिक हरकती जमल्या. त्यांचा निपटारा फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हा येथील पाच दिवसांच्या बैठकीत करायचा होता, ज्यात बहुतेक मुद्द्यांवर चर्चाच झाली नाही. हरकतींच्या दडपणामुळे अनुकरणाच्या सूचनांचे काही तपशील पुरवले गेले, जुन्या स्वरूपांचे तांत्रिक दस्तऐवजही प्रसिद्ध झाले, हा विरोधाचा खरा लाभ होय. तरीही मार्चमध्ये भारताची समिती पाच विरुद्ध तेरा मतांनी नकारावर ठाम राहिली, आणि तो नकार तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता.

जागतिक निकाल मात्र संमतीचा लागला. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला व भारत यांची अपिले ऑगस्ट २००८ मध्ये फेटाळली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये आयएसओ/आयईसी २९५०० प्रसिद्ध झाले. जुनी वैशिष्ट्ये वगळलेले काटेकोर रूप आणि ती राखणारे संक्रमणकालीन रूप, अशी त्याची दोन रूपे झाली. वणीतील एखाद्या टंकलेखन केंद्रात वर्डमध्ये नेहमीच्या पद्धतीने जतन केलेली फाईल आजही त्या संक्रमणकालीन रूपातच साठवली जाते.