पाळीव वृक्षबेडकाची काळजी

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हिरवा वृक्षबेडूक हा पाळीव बेडकांमध्ये बराच सोशिक समजला जातो. सुमारे 10 सेंटीमीटर लांबीचा हा प्राणी नीट सांभाळल्यास 15 वर्षांहून अधिक जगतो. न्यू साउथ वेल्समध्ये तो पाळायला परवाना लागतो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषतो. म्हणूनच पाण्यातले रसायन थेट त्याच्या अंगात जाते. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन मात्र तसे जात नाही. त्यासाठी माशांच्या दुकानात मिळणारे द्रावण घालावे लागते. हाताला साबण, सॅनिटायझर किंवा डासांचे मलम लागलेले असताना बेडकाला धरू नये. हाताळल्यानंतरही हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

पेटी उंच, फांद्या असलेली आणि घट्ट जाळीच्या झाकणाची हवी. दिवसाचे तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस पुरते. हवा खेळती नसेल आणि पेटी सतत चिंब राहिली, तर त्वचेचे रोग होतात. तळाला बारीक खडी नको. भक्ष्याबरोबर ती गिळली गेल्यास आतडे अडते.

खाणे म्हणजे कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे. प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. मालक बहुधा लाडाने जास्तच घालतात! डोळ्यांवर चरबीच्या वळ्या लोंबू लागल्या की खाणे कमी करावे. उरलेले रातकिडे पेटीतून काढावेत, ते झोपलेल्या बेडकाला चावतात.