मोज्यावरची सुरकुती

भाषण करणे हा मुख्याध्यापकांचा जुना रोग आहे, आणि मीही त्यातून सुटलेलो नाही. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी इतिहासाचा साधा शिक्षक होतो; पण मैदानाची आवड असल्याने शाळेच्या बास्केटबॉल संघाबरोबर जात असे. तालुक्याचा अंतिम सामना होता. संघात निम्मी पोरे घरी मराठी बोलणारी, निम्मी कानडी. सामन्याआधी त्यांना गोळा करून मी थेट पावनखिंडीत शिरलो. दहा मिनिटे बाजीप्रभू लढवले. पोरांच्या मुठी आवळल्या, डोळे चमकू लागले.

पहिली पाच-सात मिनिटे आमची पोरे वाघासारखी खेळली. मग दमली. उत्तरार्धात चेंडू हातातून निसटू लागला, साधे फ्री थ्रो हुकू लागले. आमचा सर्वांत चपळ मुलगा टाचेला फोड आल्यामुळे बाहेर येऊन बसला. सामना हरलो. परतीच्या बसमध्ये त्याच मुलाने अगदी निरागसपणे विचारले, "सर, बाजीप्रभूंच्या पायात काय होतं ओ?"

सगळी बस हसली. मीही हसलो, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. त्याचे उत्तर मला पुढे एका अमेरिकन शिक्षकाच्या चरित्रात सापडले. त्यांचे नाव जॉन वुडन. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यांच्याइतकी राष्ट्रीय अजिंक्यपदे दुसऱ्या कोणत्याही पुरुष संघाच्या प्रशिक्षकाला मिळालेली नाहीत. पण ते मूळचे आपल्यासारखेच हायस्कूलचे मास्तर, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

हा खेळच मुळी एका मास्तराच्या अडचणीतून जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांच्याकडे एक कंटाळलेला, दांडगा वर्ग सोपवण्यात आला. बाहेर थंडी, आत रोजची तीच कवायत. नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन करंड्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि मुलांच्या हाती चेंडू दिला. पुढे वाय.एम.सी.ए.च्याच मार्गाने हा खेळ हिंदुस्थानात आला. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि तेथून खेळाचे शिक्षक तयार होऊ लागले. मुलांचे मन लागत नाही, तर ते कसे लावावे, हा प्रश्न अशा रीतीने या खेळाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

वुडन यांचा जन्म १९१० चा, इंडियाना राज्यातला. बालपण शेतावर गेले. इतरांपेक्षा वरचढ होण्याच्या मागे लागू नकोस, पण स्वतः जितका चांगला होऊ शकशील तितका होण्याचे कधी सोडू नकोस, ही वडिलांची शिकवण. पर्ड्यू विद्यापीठात ते स्वतः नामांकित खेळाडू होते. पदवीनंतर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवू लागले, आणि तिथे त्यांना जो अनुभव आला तो वाचून मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मुलाला मध्यम श्रेणी मिळाली की पालक तक्रार घेऊन येत. मुलाने कष्ट किती घेतले हे कुणी विचारत नसे. शेजारच्या मुलाला वरची श्रेणी कशी मिळाली, एवढाच प्रश्न.

हे तर माझ्या कचेरीतले संभाषण! एसएसएलसीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याआधी कुणीतरी उभे असते. "सर, शेजारच्यांच्या पोराला एक्याण्णव टक्के पडले, आमच्याला चौऱ्याऐंशीच कसे काय ओ?" आपल्या दुभाषी जिल्ह्यात तर या तुलनेला आणखी फाटे फुटतात. मराठी माध्यम, कानडी माध्यम, इंग्रजी माध्यम. आत्याचा मुलगा पुण्यात, मामाचा हुबळीत. चौऱ्याऐंशी टक्के मिळवलेला मुलगा बापाच्या मागे मान खाली घालून उभा असतो.

वुडन यांनी या त्रासातून १९३४ साली यशाची स्वतःपुरती व्याख्या केली. आपल्या कुवतीच्या शेवटच्या टोकापर्यंत आपण खरोखर प्रयत्न केला, हे ज्याचे त्याला ठाऊक असणे आणि त्यातून मनाला शांती लाभणे, म्हणजे यश. गुणफलकाचा त्यात उल्लेख नाही. त्यांचे खेळाडू सांगत की, जिंकण्याविषयी ते कधी बोलतच नसत.

ही केवळ शिक्षकाची गोड समजूत होती का? पुढचा इतिहास तपासून पाहू. १९४८ साली वुडन लॉस एंजेलिसला यू.सी.एल.ए. या विद्यापीठात आले. सरावाची जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची जुनाट व्यायामशाळा. तिथेच कुस्तीवाले आणि कसरतवालेही सराव करीत. सरावाआधी जमिनीवरची धूळ वुडन स्वतः पुसून काढीत. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले १९६४ साली, म्हणजे सोळाव्या हंगामात. त्यानंतर मात्र १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे, त्यांतली सात ओळीने; आणि सलग ८८ सामने विजय!

१९६४ च्या संघात सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांत साडेसहा फूट उंचीचा एकही नव्हता. अंतिम सामन्यात समोर ड्यूक विद्यापीठ, त्यांच्याकडे सहा फूट दहा इंचांचे दोघे. पण वॉल्ट हॅझर्ड आणि गेल गुडरिच यांच्या या संघाने मैदानभर दाब ठेवणारा बचाव वर्षभर घोटला होता. पूर्वार्धातच त्यांनी सलग १६ गुण घेतले आणि सामना ९८-८३ असा जिंकला. हंगामात ३० सामने, ३० विजय.

आता मोज्याची गोष्ट. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी देशभरातून निवडून आलेले तगडे खेळाडू मोठ्या अपेक्षेने वुडन यांच्यासमोर बसत. आता काहीतरी स्फूर्तिदायक ऐकायला मिळणार! आणि वुडन त्यांना मोजे कसे घालावेत ते शिकवीत. टाचेपाशी, बोटांपाशी हात फिरवून पाहा, कुठे सुरकुती राहिली नाही ना? बुटाची नाडी प्रत्येक छिद्रापाशी ओढून घ्या. कारण सुरकुतीने फोड येतो, फोडाने सराव बुडतो, आणि बुडालेला सराव सामन्यात भरून निघत नाही. हे वाचताना मला ती बस आठवली आणि कानशिले गरम झाली.

१९७४-७५ हा वुडन यांचा शेवटचा हंगाम. त्यात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या पंधरा सरावसत्रांना बसून त्यांचे बोलणे नोंदवले. नोंदी भरल्या २३२६. निम्म्याहून अधिक नोंदी निव्वळ सूचनांच्या होत्या: काय करायचे, कसे करायचे. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास, नुसते रागावणेही जवळजवळ तेवढेच. लांबलचक प्रवचन नाही. वुडन भावनेच्या उधाणाला भीत असत. भरतीमागून ओहोटी येतेच, असे त्यांचे मत होते. पोरांचा ध्यास ते भाषणाने पेटवत नसत. दोन तासांच्या काटेकोर सरावाने तो रोज थोडा थोडा वाढवत असत.

यावर कुणी म्हणेल, मग १९८३ चे काय? प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा संघ दहा सामने हरून राष्ट्रीय स्पर्धेत आला होता. प्रशिक्षक जिम वाल्व्हानो म्हणजे वुडन यांचे दुसरे टोक: बोलके, नाटकी, हसवणारे आणि रडवणारे. अजिंक्यपद मिळाल्यावर बास्केटचे जाळे कापून घेण्याची तिकडे रीत आहे; वाल्व्हानो हंगामात एक दिवस चेंडू बाजूला ठेवून, शिडी आणि कात्री आणून, पोरांकडून नुसता जाळे कापण्याचा सराव करून घेत! अंतिम सामन्यात समोर ओलाजुवान आणि ड्रेक्सलर यांचे बलाढ्य ह्यूस्टन. अखेरच्या क्षणी व्हिटनबर्गने लांबून टाकलेला चेंडू अपुरा पडला, तो लॉरेन्झो चार्ल्सने हवेतच झेलून बास्केटमध्ये दडपला. ५४-५२. वाल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर धावत सुटले.

स्वप्नाची ताकद मोठी, हे मला मान्य आहे. पण जरा खोलात पाहिले तर त्या चमत्काराखाली हिशेब दिसतो. सामना शेवटाकडे आला की वाल्व्हानो मुद्दाम फाउल करायला लावून प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रोच्या रेषेवर उभे करीत. ह्यूस्टनची दुखरी नस तीच होती, आणि त्या रात्रीही त्यांचा मोलाचा नेम चुकला. स्वप्नाने पोरांना शिडीवर चढवले खरे, पण शिडीच्या पायऱ्या आधी ठोकून ठेवलेल्या होत्या.

इतिहासाच्या शिक्षकाने आरतीच ओवाळू नये, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. खेळाडूंच्या प्रकरणांवरून नॉर्थ कॅरोलायना स्टेटवर १९८९ साली कारवाई झाली आणि पुढच्या वर्षी वाल्व्हानोंना पद सोडावे लागले. यू.सी.एल.ए.वरही १९८१ साली कारवाई झाली. एका धनिक चाहत्याने खेळाडूंना नियमाबाहेर मदत केली होती, आणि त्याची ऊठबस वुडन यांच्या काळापासूनच होती. मोज्याची सुरकुती पाहणाऱ्या नजरेतून ही मोठी सुरकुती कशी सुटली, हा प्रश्न उरतोच.

पण त्याच वुडन यांची एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. १९४७ साली ते इंडियाना स्टेटला होते. संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. पण तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी, आणि संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. तो संघाचा आधारस्तंभ वगैरे नव्हता. बाकीच्यांना घेऊन जाता आले असते. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढच्या वर्षी बंदी उठली, संघ वॉकरसह गेला आणि अंतिम सामन्यात हरला. त्यांच्या १९३४ च्या व्याख्येत हा पराभव यशाच्या बाजूलाच बसतो.

वुडन २०१० साली, शंभरीला काही महिने उरले असताना वारले. त्यांचे चरित्र वाचल्यापासून माझ्या वागण्यात दोन बदल झाले. सरावाच्या पहिल्या दिवशी मी मैदानावर जाऊन पोरांना बूट काढायला लावतो. आणि निकालानंतर पालक आले की शेजारच्या मुलाचे गुण बोलायचे नाहीत, अशी अट घालून पोराने वर्षभर काय केले ते आधी विचारतो. कधी कधी बापाला उत्तर देता येत नाही. मग मुलगा मान वर करतो आणि स्वतः सांगू लागतो.

गेल्या जूनमध्ये तो बसमधला फोडवाला मुलगा आठवीच्या प्रवेशासाठी लेकीला घेऊन आला. केस पिकायला लागलेले. फॉर्म भरून झाल्यावर हळूच म्हणाला, "सर, बाजीप्रभू अजून सांगता की नाही?"

"सांगतो की," मी म्हणालो, "पण आधी मोजे बघतो."